रिकामा गेलेला डबा

मंगळवारी सकाळी ऋजुता चौगुलेनं पुण्यातल्या आपल्या घरी लॅपटॉप उघडला, तर तिच्या 'डबा'वर एक तक्रार येऊन पडलेली.

"मोहर चालू केली की फाइल रिकामी जाते. पाकीट पोचतं. नाव बरोबर, आकार बरोबर, मोहरही लावलेली. आत मात्र शून्य. जरा बघाल का? – इरफान मुजावर, स्वरपेढी, मिरज."

'स्वरपेढी, मिरज' हे शब्द वाचले आणि तिचा हातातला चहा हातातच राहिला.

आता हा डबा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. इंटरनेटवरून एखादी फाइल कुठं पाठवायची झाली तर ती नुसती ढकलून चालत नाही. तिचं पाकीट बांधावं लागतं. वर नाव घालायचं, आकार घालायचा, मग आत मजकूर भरायचा, कडा बंद करायच्या आणि मग रवाना करायचं. हा खटाटोप दर वेळी प्रत्येकानं करत बसू नये म्हणून कुणीतरी एकदाच नीट लिहून ठेवतं आणि बाकीचे आपल्या प्रोग्रॅममध्ये ते फुकट वापरतात. त्याला लायब्ररी म्हणतात. ऋजुतानं कॉलेजात असताना अशी एक लिहिली होती. सोळा वर्षांत ती कुठंकुठं जाऊन बसली होती. बँकांत, दवाखान्यांत, हवामान खात्यातसुद्धा.

आणि नाव 'डबा' का, तर अण्णांमुळे. तिचे वडील, भूपाल चौगुले, तासगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीत बसायचं, गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि भोंग्यावरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. ऋजुता पुण्याला हॉस्टेलवर होती तेव्हा दर शनिवारी अण्णा स्वारगेटच्या गाडीच्या कंडक्टरकडे तिचा डबा द्यायचे. झाकणावर कागद चिकटवलेला असायचा आणि त्यावर तिचं नाव, हॉस्टेलचं नाव, आत काय काय आहे ते सगळं रेखीव अक्षरात. घरचा नियम एकच होता, डबा रिकामा जाता कामा नये, जातानाही नाही आणि येतानाही नाही. परतीच्या गाडीनं डबा धाडताना ऋजुता त्यात काहीतरी घालायचीच. काही नसलं तर मूठभर साखर.

तर अशा पोरीच्या डब्यातून आता रिकामी पाकिटं चालली होती.

तिनं इरफानला फोन लावला. "कुणाच्या फायली रिकाम्या आल्यात?"

"तिघांच्या, ताई. दोघांच्या ऑपरेशनला अजून महिना आहे, त्यांचं पुन्हा करता येईल. तिसऱ्यांचं परवा आहे. गुरुवारी. काल रात्री आवाज घडवायला घेतला तेव्हा कळलं." इरफान तरुण होता, आवाजावरून घाबरलेला वाटत होता. "भूपाल चौगुले, तासगाव. बावीस फायली. एकही..." तो अडखळला. "ताई, तुमचंही आडनाव..."

"माझे वडील आहेत ते," ऋजुता म्हणाली.

*

अण्णांच्या घशात गाठ होती. स्वरयंत्र पुरतं काढायचं ठरलं होतं. दहा वर्षांपूर्वी असं ऑपरेशन झालं की माणूस जन्माचा मुका व्हायचा, नाहीतर गळ्याला नळी लावून मोटारीसारखा घरघरायचा. आता कंठपट्टी आली होती. गळ्याभोवती चिकटणारी बोटभर रुंदीची पट्टी. स्वरयंत्र गेलं तरी माणूस बोलायला जातो तेव्हा जबड्याचे, जिभेखालचे, गळ्याचे स्नायू हलतातच. मेंदू आपला हुकूम सोडत राहतो. पट्टी ते हुकूम वाचते आणि त्या माणसाच्याच आवाजात बोलते.

आवाजाची नुसती नक्कल करणारी यंत्रं काही नवी नव्हती. त्यांना अर्धा मिनिट बोललेलं पुरतं. पण माणूस रागावला की गळा कसा आवळतो, चिडवताना जबडा कसा सैल पडतो, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ते पट्टीला शिकवायला स्वरयंत्र शाबूत असताना आवाज आणि स्नायू दोन्ही एकाच वेळी नोंदावे लागतात. जो भाव नोंदला तोच तिला येतो. म्हणून स्वरपेढी घरी एक पेटी देते आणि म्हणते, बावीस दिवस रोज अर्धा तास बोला. भांडा, हसा, रडा, जे मनात असेल ते बोला. समोर जिवाभावाचं माणूस असेल तर उत्तम. घरातलं बोलणं यंत्रात पडून राहू नये म्हणून मिरजेहून पोच आली की पेटी आपल्याकडची फाइल पुसून टाकते.

मिरजेचं यंत्र पाकीट हाती पडलं की लगेच पोच देत होतं. मोहर तपासायचं काम नंतरचं. म्हणजे अण्णांचं अकरा तासांचं बोलणं आता कुठंच नव्हतं.

चूक सापडायला ऋजुताला दहा मिनिटं लागली. दोन महिन्यांपूर्वी तिनंच डब्यात मोहरेची सोय घातली होती. मोहर म्हणजे फाइल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढलेला आकडा; वाटेत काही बदललं तर पलीकडे कळावं. डबा फाइल वाचायचा, मोहर काढायचा आणि मग मजकूर भरायला घ्यायचा. पण वाचता वाचता तो शेवटाला पोचलेला असायचा. शेवटापासून पुढं भरायला काय उरतं? काहीच नाही! आधी पहिल्या अक्षराशी परत यायला हवं होतं. ती एक ओळ राहून गेली होती. तिनं चाचण्या लिहिल्या होत्या त्याही नाव, आकार आणि मोहर एवढंच बघत होत्या. पोचलेलं पाकीट उघडून आत काय आहे ते कुणी पाहिलंच नव्हतं.

तिनं ती ओळ घातली, नवा डबा सगळ्यांसाठी खुला केला, जुना वापरू नका म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं आणि बॅग न भरताच घराबाहेर पडली.

*

"आता गं बया! तू आज कशी?" आई, शालनबाई, दारातच म्हणाल्या. "उद्या येणार होतीस ना?"

ऋजुतानं त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. शालनबाईंनी कपाळाला हात लावला.

"त्यांना सांगू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "ऑपरेशन होऊ दे. मग बघू की."

"मग काय बघणार, आई? मग सांगायला जाऊ तेव्हा त्यांना मला रागवतासुद्धा येणार नाही."

शालनबाईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "बावीस दिवस रोज सहा वाजता बसायचे गं. मी म्हटलं, माझ्याशी बोला. तर म्हणाले, तुझ्याशी काय बोलू, तू बोलू देतीस होय? तुला फोन केला होता."

केला होता खरा. ऋजुताला तो फोन चांगला आठवत होता. सहा वाजता मीटिंग असते अण्णा, तुम्ही बोलून ठेवा, मी नंतर ऐकते, असं ती म्हणाली होती.

"मग कुणाशी बोलायचे?"

शालनबाईंनी फडताळाकडे बोट केलं. तिथं तिचा हॉस्टेलचा डबा होता, चेपलेला, एका कडीचा. "तो पुढ्यात ठेवायचे. दार लावून घ्यायचे. काय बोलायचे ते मला नाही सांगितलं. तुझ्याशी चाललंय म्हणायचे."

 ऋजुता तशीच उठली आणि बाहेरच्या खोलीत गेली.

अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. सत्तरी गाठलेली, पण बसणं अजून चौकशीच्या खिडकीतलं, ताठ. नोंदी संपल्यावर डॉक्टरांनी दिवसाला वीस मिनिटांवर बोलायचं नाही असं बजावलं होतं, त्यामुळं शब्द जपून वापरायची सवय लागली होती.

"काय झालंय?" आवाज बसलेला, पण ऊब तीच.

तिनं सांगितलं. मान खाली घालून, एका दमात. मोहर, शेवट, पोच, पुसलेली पेटी. "माझ्यामुळं झालं, अण्णा. माझ्या चुकीमुळं."

अण्णांनी पेपरची घडी केली. बराच वेळ त्यांनी ती घडी नीट केली.

"म्हणजे कॅसेट शेवटापर्यंत ऐकलीस," ते म्हणाले, "आणि रिवाइंड न करता परत लावलीस."

ऋजुतानं वर पाहिलं. एवढं सोपं करून तिलाही कुणाला सांगता आलं नसतं. "हो. तसंच."

"माझंही झालं होतं. पाहुणे मंत्री आलेले, स्वागतगीत लावायचं, मी भोंगा चालू केला आणि नुसती खरखर. अख्खा स्टँड हसला." अण्णांच्या ओठांच्या कडा हलल्या, मग पुन्हा स्थिर झाल्या. "सगळं गेलं?"

"सगळं."

"तू काहीच ऐकलं नव्हतंस?"

ती 'नाही' म्हणाली आणि रडू लागली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रागवले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

*

दुपारी इरफान मिरजेहून मोटारसायकलवर आला. कोरी पेटी घेऊन आला होता आणि एक तोडगाही.

"ऑपरेशन पुढं ढकलता येत नाही, डॉक्टरांना विचारलं मी. आज वीस मिनिटं, उद्या वीस, एवढंच हाताशी आहे. चाळीस मिनिटांत एक नाहीतर दोन भाव नोंदले जातील. आवाजही थोडा अडखळता येईल." त्यानं घसा साफ केला. "पण काकूंनी फोनवर सांगितलं, काकांच्या घोषणांचं रेकॉर्डिंग आहे म्हणून?"

होतं. अण्णा निवृत्त झाले तेव्हा स्टँडवरच्या लोकांनी हौसेनं त्यांच्या सहा तासांच्या घोषणा नोंदवून घेतल्या होत्या. दोन वर्षं त्या वाजल्या. मग गाड्या विजेच्या झाल्या आणि यंत्र आपणच बोलू लागलं, कुणा बाईच्या गोड आवाजात, जिला 'सावळज' कधी धड म्हणता आलं नाही. अण्णांच्या घोषणा कपाटातल्या पेन ड्राइव्हमध्ये राहिल्या.

"त्यात स्नायूंची नोंद नाही," इरफान म्हणाला, "म्हणून भाव बदलणार नाहीत, एकच सूर राहील. पण आवाज कसला खणखणीत येईल, काका! गाठ येण्याआधीचा. एक शब्द अडखळणार नाही. दोन्हींची भेसळ करता येत नाही, एकच निवडावं लागेल."

त्यानं लॅपटॉपवर नमुना लावला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तासगाव-सावळज-जत गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे." काय तो आवाज! ऋजुताच्या अंगावर काटा आला. लहानपणी शाळेतून येताना ती तो आवाज ऐकून सांगायची, हे माझे अण्णा आहेत. मग यंत्रानं त्याच सुरात घरातलं एक वाक्य बनवून दाखवलं. "शालन, चहा झालेला आहे काय. कृपया लक्ष द्यावे."

शालनबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. अण्णांनाही हसू आलं, आणि त्यापाठोपाठ खोकला.

"अण्णा, हाच घ्या," ऋजुता म्हणाली. तिला मनापासून वाटत होतं तसं. "सगळा तालुका ओळखतो हा आवाज. चाळीस मिनिटांत काय होणार?"

अण्णांनी मान हलवली. "या आवाजात मी अख्ख्या तालुक्याला हाक मारली, पोरी. तुला कधी मारली नाही." त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला. "फलाटाचा आवाज घरात नको. चाळीस मिनिटं तर चाळीस मिनिटं. फक्त तू समोर बस."

"आज सहाला बसते. उद्याही."

"मीटिंग?"

"अण्णा!"

*

सहा वाजता इरफाननं अण्णांच्या गळ्याला तारा लावल्या आणि तो शालनबाईंबरोबर बाहेर जाऊन बसला. फडताळातला डबा फडताळातच राहिला.

"पहिल्यापासून सांगतो," अण्णा म्हणाले.

त्यांनी ती जन्मली त्या दिवसापासून सुरुवात केली. मिरजेहून फोन आला, मुलगी झाली, आणि अण्णांनी आनंदाच्या भरात विट्याच्या माणसांना आटपाडीच्या गाडीत बसवलं. गाडी गावाबाहेर गेल्यावर बोंबाबोंब झाली. साहेबांनी जाब विचारला, तर हे म्हणाले, साहेब, आधी पेढा घ्या. पहिली वीस मिनिटं अशी हसण्यात गेली. हसता हसता अण्णा थांबायचे, श्वास घ्यायचे आणि तिच्याकडे बघायचे. ऋजुताला यातलं काहीच माहीत नव्हतं.

बुधवारी ते जास्त थकले होते. पाणी प्यायले, डोळे मिटून बसले. तिला वाटलं, आज नको म्हणतील.

"तू फोनवर रडली होतीस," ते अचानक म्हणाले. "पहिल्या वर्षी, दिवाळीनंतर. आठवतंय?"

"परीक्षेत नापास झाले होते. तुम्ही येतो म्हणालात, मी म्हटलं, येऊ नका, मला सवय होऊ दे."

"त्या शनिवारी डबा कंडक्टरनं दिला तुला?"

"हो की. माने कंडक्टर होते."

"मान्यानं दिला. पण आणला होता मी." अण्णांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रजा टाकली. सकाळची गाडी धरली, डबा मांडीवर घेऊन स्वारगेटला उतरलो. तू येऊ नका म्हणाली होतीस, म्हणून मान्याच्या हातात दिला आणि खांबामागं उभा राहिलो. तू हॉस्टेलपर्यंतसुद्धा थांबली नाहीस. तिथंच बाकावर बसलीस, झाकण उघडलंस आणि जेवलीस. सगळं. बोट चाटलंस." ते हसले. "मग मला वाटलं, जेवतीये म्हणजे बरी आहे. दीडच्या गाडीनं परत आलो. तुझ्या आईलाही सांगितलं नाही."

 ऋजुता बाकावर बसून धपाटे खात होती तेव्हा हा माणूस वीस पावलांवर उभा होता.

"मला हाक का नाही मारलीत?"

"मारावीशी वाटली गं. पण स्टँडवर माझा आवाज मोठा निघतो," अण्णा म्हणाले. "तेव्हा राहिली ती आता मारतो. ऋजू!"

पेटीवरचा हिरवा दिवा विझला. वीस मिनिटं झाली होती. इरफान आत आला, त्यानं फाइल पाठवली, मिरजेला फोन लावला आणि पाकीट उघडून आत काय आहे ते वाचायला लावलं. ऋजुता तो 'आहे, पूर्ण आहे' म्हणेपर्यंत खुर्चीतून हलली नाही.

*

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभरानं पट्टी बसवली. अण्णांनी गळ्याला हात लावला, ओठ हलवले, आणि महिनाभर मुकं असलेल्या घरात त्यांचा आवाज आला. थोडा अडखळता, मधेच एखादं अक्षर गिळणारा, पण त्यांचाच.

"शालन, चहात साखर किती घातलीस? गुळचट झालाय अगदी!"

म्हणजे बोलायचं होतं चिडून. भुवया चढलेल्या, बोट उगारलेलं. पण पट्टीला माहीत होता एकच सूर, लेक समोर बसली असताना बाप ज्या सुरात बोलतो तो. वाक्य असं मऊ, असं जीव लावून बाहेर पडलं की शालनबाई कप धरून बघतच राहिल्या.

"काय हो हे?" त्या म्हणाल्या. "परत बोला बघू."

"अगं, साखर! डोकं फिरलंय का तुझं!" अण्णा ओरडले. म्हणजे ओरडायला गेले. निघालं ते असं की जणू म्हणताहेत, दमलीस का गं.

शालनबाई आधी हसल्या, मग डोळे पुसू लागल्या. "त्रेचाळीस वर्षं भांडलो. आता या माणसाशी भांडू तरी कशी? हा शिवीसुद्धा लाडात देतोय!"

भाजीवाला, दूधवाला, वरच्या मजल्यावरचे पाटील, सगळ्यांशी अण्णा आता त्याच सुरात बोलत. पाटलांनी गाडी दारात लावली म्हणून अण्णा तावातावानं गेले, बोलून आले, आणि संध्याकाळी पाटील बेदाण्याची पिशवी घेऊन घरी आले. काय झालं ते पाटलांनाही नीट सांगता येईना.

ऋजुता पुण्याला निघाली त्या दिवशी अण्णा स्टँडवर आले. यंत्रातली बाई गाड्या पुकारत होती. अण्णांनी ऐकलं, तोंड वाकडं केलं आणि फलाटावर मधोमध उभं राहून सुरू झाले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तासगाव-स्वारगेट गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे."

आवाज लहानच होता, पाच-पंचवीस माणसांना ऐकू गेला असेल. पण ती माणसं वळून बघू लागली. एक म्हातारी, जिला सांगलीला जायचं होतं, तीही उठून गाडीकडे चालू लागली. तिला परत बसवावं लागलं.

ऋजुता खिडकीशी बसली. अण्णांनी खालून डबा वर दिला, तोच, चेपलेला. झाकणावर कागद होता आणि त्यावर रेखीव अक्षर.

"उघडून बघ," ते म्हणाले.

"अण्णा, लिहिलंय की वर."

"वर लिहिलेलं मला सांगू नकोस. आत बघ."

तिनं झाकण काढलं. धपाटे होते, शेंगाची चटणी होती, कोपऱ्यात पाटलांचे बेदाणे होते. गाडी सुटायला सात मिनिटं होती. तिनं तिथंच एक धपाटा मोडला आणि खायला लागली. खाली अण्णा उभे होते, खिडकीच्या अगदी समोर, आणि या वेळी मधे खांब नव्हता.